भिंतीवरील चेहरा

आमच्या घरीं बाहेरच्या खोलींत, दारासमोरच्या भिंतीवर माझ्या वडिलांची तसबीर टांगलेली आहे. ते वारले तेव्हां मी वीस वर्षांचा होतों. त्यांचा धड असा एकहि फोटो घरांत नव्हता. कसल्याशा अर्जासाठीं काढलेला एक बोटभर फोटो कागदपत्रांत सांपडला. तो मोठा करवून घेतला, चौकट बसविली, चंदनाचा हार घातला, आणि तोच आमच्या घरांतला त्यांचा चेहरा झाला. अर्जासाठीं काढलेल्या फोटोंत माणूस दिसावयाचा तसेच ते त्यांत दिसतात: मान ताठ, ओठ मिटलेले, नजर कोठेंच नाहीं. बोलतांना त्यांची मान किंचित् डावीकडे कलत असे, असें आई सांगे. 'आई सांगे' असें मला लिहावें लागतें, हीच माझी अडचण आहे. जन्मभर मीं शाळेंत चित्रकला शिकविली. रस्त्यांत पांच मिनिटें पाहिलेलें माणूस घरीं येऊन कागदावर उतरविणें मला कधीं जड गेलें नाहीं. परंतु वडिलांचें चित्र काढण्यास जेव्हां जेव्हां बसलों, तेव्हां तेव्हां कागदावर तो अर्जाचा फोटोच उमटला. इतकीं वर्षें रोज उदबत्ती ओवाळून ओवाळून त्या तसबिरीनें माझ्या डोळ्यांतला माणूस पुसून टाकला, आणि तो पुसला जात असतां मला त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

शीख लोकांच्या घरांतील चित्रांविषयीं मी लिहावयास बसलों आहें, आणि आरंभ मात्र घरच्या तसबिरीपासून केला. वाचकांनीं क्षमा करावी. परंतु ती तसबीर नसती, तर अमृतसरच्या एका घरांत जें पाहिलें व ऐकलें त्याचें मर्म मला कळलेंच नसतें.

२०१५ सालच्या एप्रिल महिन्यांत मराठी साहित्य संमेलनाचें ८८ वें अधिवेशन पंजाबांत घुमान येथें भरलें. नामदेवांच्या वास्तव्यानें पुनीत झालेलें गुरुदासपूर जिल्ह्यांतलें हें लहानसें गांव. त्या वर्षीं तें आपल्याकडे घरोघर ठाऊक झालें, आणि इकडची पुष्कळ मंडळी खास गाड्यांनीं तिकडे गेली. त्यांत मीहि होतों. संमेलन तीन दिवसांत आटोपलें. मी मात्र तेथून अमृतसरास गेलों तो बैसाखी होईपर्यंत राहिलों. पुण्यास आमच्या शेजारीं बारा वर्षें राहिलेले एक सरदारजी लष्करांतून निवृत्त होऊन तेथें आपल्या घरीं परतले होते, आणि 'पंजाबांत याल आणि आमच्याकडे उतरणार नाहीं, तर शेजार कसला?' असा त्यांचा दम होता.

घर जुन्या शहरांतल्या एका अरुंद गल्लींत. खालीं बैठक, मधल्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या, आणि सर्वांत वर गच्चीला लागून एक खोली, तिला सगळे 'बाबाजींची खोली' म्हणत. घरांत सरदारजी, त्यांची पत्नी, नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा, आणि सरदारजींच्या मातोश्री. त्यांना सगळेच 'बीजी' म्हणत. मीहि म्हणूं लागलों. वय ऐंशीच्या घरांत, पण जिना चढतांना कठड्याला हात नाहीं. त्या पंजाबी आणि हिंदी यांची सरमिसळ करून बोलत. त्यांचें बोलणें मी येथें मराठींत देत आहें.

बैठकींत पाऊल ठेवतांच समोर गुरु नानकांचें मोठें चित्र दिसलें. वाचकांनीं तें कोठें ना कोठें पाहिलें असेलच: पांढरीशुभ्र दाढी, अर्धवट मिटलेले डोळे, आशीर्वादासाठीं उचललेला उजवा हात. टॅक्सीच्या कांचेवर तेंच, ढाब्याच्या गल्ल्यावर तेंच, बँकेच्या दिनदर्शिकेवर तेंच. संमेलनांत मिळालेला झेंडूचा हार माझ्या पिशवींत होता. मीं पायांतले जोडे काढले, हार त्या चौकटीवर चढविला आणि हात जोडून डोकें टेकविलें. मागें वळून पाहतों तों सगळे गप्प.

"अंकलजी, रागावूं नका," मुलगा म्हणाला, "पण आमच्यांत चित्रापुढें डोकें टेकवीत नाहींत. तो गुरु नव्हे, कागद आहे."

सरदारजींचा चेहरा पडला. पाहुणा घरांत येऊन पांच मिनिटें झालीं नव्हतीं. तेवढ्यांत बाजेवर बसलेल्या बीजी म्हणाल्या, "पोरगा खोटें बोलला नाहीं, मास्टरजी. पण हार राहूं दे रे. झेंडू बिचारा आतां कोठें जाईल?"

पोरगा खोटें बोलला नव्हता हें मला पुढें नीट समजलें. शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समितीनें १९४५ सालीं संमत केलेली 'रहत मर्यादा' म्हणून शिखांची आचारसंहिता आहे. गुरुद्वारांत मूर्ति बसविणें, धूपदीप घेऊन आरती ओवाळणें, इतकेंच नव्हे तर गुरूंच्या चित्रापुढें मस्तक लवविणें, हें सर्व तींत 'मनमत' म्हणून वर्ज्य ठरविलें आहे. मनमत म्हणजे गुरूची शिकवण सोडून स्वतःच्या मनानें काढलेली रीत. मीं नेमकी तीच पहिल्या पांच मिनिटांत करून दाखविली होती.

मग हें चित्र त्या घरांत, आणि तसल्या लाखों घरांत, आलें कसें?

गुरु नानक १५३९ सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत काढलेलें एकहि चित्र उपलब्ध नाहीं. चेहरा राहील कसा, देहच राहिला नाहीं, अशी तर कथा आहे: करतारपूरला त्यांच्या देहाला अग्नि द्यावा कीं मूठमाती, यावरून हिंदु व मुसलमान शिष्यांत वाद पडला, आणि चादर उचलून पाहतात तों खालीं नुसतीं फुलें. पुढें त्यांच्या चरित्रकथांच्या, म्हणजे जन्मसाख्यांच्या, सचित्र पोथ्या तयार झाल्या. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत १७३३ सालची एक पोथी आहे. ती 'बी-४०' या क्रमांकानेंच प्रसिद्ध आहे. तींत ५७ चित्रें आहेत, आणि तीं आलमचंद नांवाच्या एका चित्रकारानें काढलीं. त्याच्या नांवामागचें 'राज' हें उपपद गवंड्याचें आहे. मीं त्या चित्रांच्या प्रतिकृति तेवढ्या पाहिल्या आहेत. त्यांतले नानक कोठें पोर, कोठें तरुण, कोठें वृद्ध, आणि शेजारीं रबाब घेऊन बसलेला मर्दाना. या गवंड्यानें चेहऱ्यावर फारशी मेहनत घेतलेली नाहीं. घडलें काय, तें सांगण्याची त्याला घाई आहे. चित्रांकडे पाहतांना आपण गोष्ट वाचतों, दर्शन घेत नाहीं.

आज सर्वत्र दिसणारा चेहरा मात्र सोभासिंग यांचा. हे १९०१ सालीं श्रीहरगोविंदपूर येथें जन्मले. घुमानहून तें गांव फार लांब नाहीं. तरुणपणीं लष्करांत नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी केली, पुढें लाहोरास बस्तान बसविलें, १९४७ च्या फाळणींत तें उठलें, आणि कांगडा खोऱ्यांत अंद्रेट्टा नांवाच्या खेड्यांत १९८६ सालीं मृत्यु येईपर्यंत ते चित्रें काढीत राहिले. १९६९ सालीं गुरु नानकांची पांचशेवी जयंती झाली, त्या वेळचें त्यांचें चित्र छापून घरोघर गेलें. चित्र म्हणून तें मला थोडें अधिक गोड वाटतें. चेहऱ्यावरचा प्रकाश कोठून येतो तें सांगतां येत नाहीं. तो आंतूनच येतो असें दाखविण्याचा हेतु असावा. परंतु जो पुरुष वर्षानुवर्षें पायीं हिंडला, त्याच्या गालाला ऊन लागल्याची एकहि खूण नसावी, हें मला पटत नाहीं. अर्थात् हें आपल्याला बोलण्याचा अधिकार थोडाच. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनीं आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत जागा घेतली, आणि आज डोळे मिटून सरस्वती आठवा म्हटलें, तर ती त्या छापखान्याचीच साडी नेसून येते.

हरिमंदिरांत मी रोज जात असें. आपल्या देवळांत शिरलें कीं डोळे आपोआप गाभाऱ्याकडे धांवतात. त्या संवयीचे माझे डोळे तेथें पहिले दोन दिवस नुसते भटकत राहिले. छताखालीं ग्रंथसाहेब, मागें चवरी ढाळणारा सेवक, बाजूला बसून गाणारे रागी, आणि पहांटेच्या अंधारापासून रात्रीपर्यंत न थांबणारें तें गाणें. भिंतींवर वेलबुट्टी, फुलें, पक्षी. ग्यानसिंग नक्काश यांच्यासारख्या कारागिरानें तीस वर्षांहून अधिक काळ त्या भिंतींवर घालविला, पण काढलीं तीं वेलपानें. माणसाची आकृति म्हणाल तर वरच्या मजल्याच्या जिन्यांत घोड्यावर बसलेले गुरु गोविंदसिंग रंगविलेले होते, तेवढीच. एके काळीं बाहेरच्या परिक्रमेंत मूर्ति मांडून पुजारी बसत. १९०५ सालीं त्या तेथून हलविण्यांत आल्या आणि त्यावरून पंजाबांत मोठें रण माजलें. तिसऱ्या दिवशीं माझे डोळे दमले, आणि मी ऐकूं लागलों.

त्याच आवारांत, घंटाघराच्या दारावर, १९५८ सालीं स्थापन झालेलें शीख संग्रहालय आहे. तेथें मात्र चित्रांची दाटी. करवतीनें चिरले जाणारे भाई मतीदास, डोक्याची कातडी सोलली जात असतां शांत बसलेले भाई तारुसिंग. कृपालसिंगांची तैलचित्रें मोठीं आणि निर्दय आहेत. अरदास म्हणतांना शीख मनुष्य रोज या हुतात्म्यांचें स्मरण करतो, त्यामुळें लहान मुलांनाहि तीं चित्रें परकीं नसतात. एक बाई कडेवरच्या मुलाला एकेक चित्र दाखवीत चालली होती. कोणी हात जोडीत नव्हतें, सगळे बोट दाखवीत होते. चित्र हात जोडण्यासाठीं असतें असें धरून चाललेला मी, त्या बाईच्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिलों.

बाबाजींच्या खोलींत जाण्याची परवानगी मीं चौथ्या दिवशीं मागितली. बीजी पहांटे तीनला उठून, स्नान करून वर जात. डोकें रुमालानें झांकून मीहि गेलों. खोलींत पांढरी चादर, लहान चांदवा, गाद्यांवर रेशमी वस्त्रांत झांकलेला ग्रंथ. भिंती कोऱ्या. एक दिनदर्शिकासुद्धां नाहीं. बीजींनीं वस्त्रें बाजूला केलीं, ग्रंथ उघडला, थोडी चवरी ढाळली आणि डाव्या पानावरचा पहिला शब्द वाचला. तो त्या दिवसाचा हुकूम. मग खालीं मान घालून त्या जपजी म्हणूं लागल्या. डोळे कधीं मिटत, कधीं उघडे राहत. पण मान थोडी बाजूला कललेली, कोणी दुसरें बोलत आहे आणि आपण ऐकत आहों अशी.

पुढें चहाच्या वेळीं मीं मनांतली शंका बोलून दाखविली. सकाळीं ग्रंथ उघडतां त्याला 'प्रकाश' म्हणतां, रात्रीं 'सुखासन' म्हणून निजवितां, वारा घालतां, रेशीम नेसवितां. ही पूजाच नव्हे काय? नांदेडला तर, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांचें देहावसान झालें, तेथल्या हजूर साहेबांत दिवे ओवाळून आरतीहि होते, आणि गुरूंचीं शस्त्रें गाभाऱ्यांत ठेवलेलीं आहेत. सरदारजी लष्करी माणूस. त्यांनीं 'हा बादशहाचा दरबारी मान, देवाची पूजा नव्हे,' असें थोडक्यांत उत्तर दिलें. माझें त्यानें समाधान झालें नाहीं. बीजी मात्र म्हणाल्या, "वारा घालून कोणी सुटत नाहीं, मास्टरजी. ग्रंथ उघडला कीं जें पान निघेल तें ऐकावें लागतें, मग तें आपल्यालाच टोंचणारें कां असेना. मूर्ति तुम्हांला रागें भरते का कधीं?" आणि थोडें थांबून, "पण तुम्ही म्हणतां तसेंहि लोक करतात. ४८ तासांचा अखंड पाठ ठेवतात, वाचणारा वर वाचतो आणि घरचे खालीं पुऱ्या तळतात. त्यांचा ग्रंथहि मग मूर्तिच."

आमच्याकडे ध्यान म्हटलें कीं रूप आलें. विटेवरचा सांवळा देह, कमरेवर ठेवलेले हात, कानांतलीं कुंडलें: आमच्या संतांनीं डोळ्यांना चोजवून चोजवून मन जागेवर बसविलें. शीख साधनेंत हें काम कानाकडे दिलें आहे. 'तुझा गुरु कोण?' असें सिद्धांनीं नानकांना विचारलें, तेव्हां शब्द हा गुरु आणि त्या नादाला लागलेली सुरत, म्हणजे चित्तवृत्ति, हीच शिष्य, असें त्यांनीं सांगितल्याचें ग्रंथांत आहे. गंमत अशी कीं 'मूर्ति' हा शब्द त्यांनीं टाकलेला नाहीं. मूलमंत्रांतच परमेश्वराला 'अकाल मूरत' म्हटलें आहे. ज्या रूपाला काळ शिवत नाहीं तें. गुरु अर्जुनदेवांच्या एका पदांत तर गुरूची मूर्ति मनांत धरावयास सांगितलें आहे. मीं तें हिरिरीनें पुढें केलें, तेव्हां मुलगा म्हणाला, "येथें मूर्ति म्हणजे शब्द." पदांत पुढें लगेच गुरूचा शब्दच मंत्र म्हणून आला आहे, असें त्यानें मला काढून दाखविलें.

नामदेवांवरून बीजींची आणि माझी विशेष गट्टी जमली. मी पंढरपुरास जाऊन आलेला मनुष्य, नामदेवांच्या पायरीला हात लावून आलेला, हें कळल्यावर त्यांनीं माझा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. मला अवघडल्यासारखें झालें. ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. एकांत ते वाटीभर दूध घेऊन देवाला पाजावयास जातात आणि देव तें पितो. दुसऱ्यांत तेच नामदेव विचारतात, एका दगडावर पाय देतां आणि दुसऱ्याला पुजतां, हें कसें? ज्या संपादकानें, म्हणजे गुरु अर्जुनदेवांनीं, १६०४ सालीं हा ग्रंथ सिद्ध केला, त्यांना हा विरोध दिसला नसेल असें नाहीं. त्यांनीं दोन्ही ठेवलीं. बीजींना मीं विचारलें. त्या म्हणाल्या, "भगतजी दूध पाजावयास गेले होते. पाहावयास नव्हे." हें उत्तर मला तेव्हां पुरेसें वाटलें, आतां कधीं वाटतें, कधीं वाटत नाहीं.

बैसाखीपूर्वीं बैठकीला रंग देण्याचें निघालें. रंगाऱ्यानें चित्र उतरविलें, आणि भिंतीवर जुन्या रंगाचा एक टवटवीत चौकोन तेवढा उरला. दोन दिवसांनीं तोहि गेला. मग मुलगा म्हणाला, "आतां तें परत लावूं नये."

सरदारजींनीं ऐकलें न ऐकलेंसें केलें. पोरगा थांबला नाहीं. "आम्ही मूर्तिपूजक नाहीं म्हणून जगाला सांगावयाचें, आणि गुरुपुरबाला त्याच चित्रापुढें दिवा लावावयाचा. मीं आईला स्वतः पाहिलें आहे. गुरु नानक कसे दिसत, हें कोणालाहि ठाऊक नाहीं. हा चित्रकाराच्या मनांतला चेहरा." त्याची आई उठून स्वयंपाकघरांत गेली. खोलींत मी एकटा परका. जावें कीं बसावें तें कळेना.

"मलाहि ठाऊक आहे तें," बीजी म्हणाल्या. "गुरूचें म्हणून लावूं नकोस. तुझ्या आजोबांनीं आणलें म्हणून लाव. पांचशेवी जयंती होती. पगाराच्या दिवशीं घेतलें, स्वतःच्या अंगावरची शाल त्याला गुंडाळली, आणि थंडींत उघड्या अंगानें सायकलवरून आले. मग आठ दिवस तापानें पडून होते."

"तर मग आजोबांचाच फोटो लावूं या."

"त्यांचा फोटो मला कशाला?" बीजी हंसून म्हणाल्या. "मला ते दिसतात."

चित्र लागलें, पण पूर्वीच्या जागीं नव्हे. जिन्याजवळच्या बाजूच्या भिंतीवर लागलें. तेथें येणाऱ्याची नजर सहज जात नाहीं, जाणाऱ्याची जाते. झेंडूचा हार कोणीं काढला तें मीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं गच्चीवर मीं बीजींना माझ्या वडिलांच्या तसबिरीची हकीकत सांगितली. घरांत ती आजवर कोणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखें तीत आहे काय, असें वाटे. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि मग स्वतःची सांगितली. लाहोरजवळच्या त्यांच्या खेड्यांत गुरुद्वारा म्हणजे मातीची एक खोली. चित्रें कसलीं, भिंतींना चुनाहि नव्हता. त्यांचे आजोबा पहांटे घरीं पाठ करीत, आणि ही पोर त्यांच्या घोंगडींत शिरून पडलेली असे. "गुरु नानक कसे, असें मला तेव्हां कोणी विचारलें असतें," त्या म्हणाल्या, "तर मीं सांगितलें असतें, दादाजींच्या आवाजासारखे." १९४७ सालीं त्या बारा वर्षांच्या होत्या. घर निघालें, दादाजी निघाले, पण अमृतसरपर्यंत पोंचले नाहींत. त्यांचा फोटो नाहीं, कपडा नाहीं, कांहीं नाहीं. "म्हणूनच ते जसेच्या तसे आहेत."

"आणि आतां पाठाला बसल्यावर डोळे मिटलेत, तर?"

"आतां चित्रांतले बाबा येतात. इतकीं वर्षें समोर टांगले, येणारच. मी त्यांना म्हणतें, बाबाजी, जरा बाजूला व्हा, मला ऐकूं द्या." आणि त्या खळखळून हंसल्या. मला हंसूं आलें नाहीं. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "वडिलांचा आवाज आठवतो का तुम्हांला?"

ते तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणत. मध्यें एका ठिकाणीं त्यांचा श्वास पुरत नसे. तेथें ते थांबत, घसा खांकरीत आणि मग शब्द पुन्हां घेत. तें खांकरणें मला त्या गच्चीवर, चाळीसाहून अधिक वर्षांनीं, स्पष्ट ऐकूं आलें. मीं तसें सांगितलें. "मग गेलें काय?" असें म्हणून बीजी निजावयास गेल्या. परंतु खरें सांगावयाचें तर माझी समजूत तेवढ्यानें पटली नाहीं. ज्याचा जन्म रेषा काढण्यांत गेला, त्याला आवाज मिळाला म्हणून चेहऱ्याची भरपाई होत नाहीं.

गेल्या थंडींत त्या घरून पत्र आलें. मुलानें लिहिलें होतें. बीजी गेल्या, नव्वदी ओलांडली होती, शेवटच्या पहांटेपर्यंत वर जात होत्या. पाठाची समाप्ति झाली, माणसें आलीं नि गेलीं. नंतर त्याच्या ध्यानांत आलें कीं बीजींचा म्हणावा असा फोटोच घरांत नाहीं. आहेत ते लग्नकार्यांतल्या गर्दींतले. २०१९ सालीं करतारपूरची वाट खुली झाली तेव्हां तिकडे जाण्यासाठीं पासपोर्ट काढला, त्यावरचा एक आहे. पण तींत बीजी नाहींत, कोणी भलतीच म्हातारी आहे. 'अंकलजी, तुम्हीं तिला पाहिलेलें आहे. तुम्ही चित्र काढून द्याल का? बाबाजींच्या खोलींत नव्हे, खालीं बैठकींत लावूं. कोणी हात जोडणार नाहीं, याची जबाबदारी माझी.'

पत्र वाचून मी त्याच दुपारीं बसलों. फोटो समोर नव्हता, आणि पासपोर्टावरचा त्यानें पाठविला नव्हता हें फार बरें झालें. ओढणी डोक्यावर, गुडघ्यावर उघडें पडलेलें पाठाचें लहान पुस्तक, त्यावर ठेवलेलीं डाव्या हाताचीं बोटें, मान बाजूला कललेली, ओठ किंचित् उघडे. दिवे लागण्याच्या आंत चित्र पुरें झालें. मला जन्मांत इतकें चांगलें रेखाटन थोड्या वेळां साधलें असेल. पत्नीला दाखविलें, तिनें बीजींना कधींच पाहिलें नव्हतें, तरी ती म्हणाली, "या कांहींतरी ऐकत आहेत."

त्याला आज तीन आठवडे झाले. चित्र कोऱ्या कागदांत गुंडाळून माझ्या पेटींत आहे. तें गेलें कीं बैठकीच्या भिंतीवर लागेल, आणि दहा-वीस वर्षांत त्या पोराच्या डोळ्यांतल्या बीजी पुसून ही माझी म्हातारी तेथें येऊन बसेल. आज त्याला त्या जिन्यावरून उतरतांना दिसत असतील, रागावतांना, हंसतांना दिसत असतील. मीं मात्र एकच मान आणि एकच हात दिला आहे. आणि न पाठवावें, तर तो पासपोर्टावरचा फोटो मोठा करून आणील. त्या वाटेनें मी गेलेला आहें.

काल त्याचा फोन आला होता. चौकट करावयास द्यावयाची, तर माप काय सांगूं, असें विचारीत होता. चित्र अजून पुरें व्हावयाचें आहे, डाव्या हाताचीं बोटें मनासारखीं उतरत नाहींत, असें मीं त्याला सांगितलें.